भोंग्याच्या आधी पाणी

प्रिय शहाणे,

जिंकलो! आधी एवढं सांगून टाकतो, बाकीचं मागाहून. परवा दुपारी नगरपरिषदेच्या सभागृहात आठ विरुद्ध पाच मतांनी तुझ्या खात्याची योजना फेटाळली गेली. गावोगावचे आगीचे बंबखाने बंद करायचे आणि मोठ्या शहरातल्या एकाच नियंत्रण कक्षातून, भिंतभर पडद्यांकडे बघत बघत, सगळीकडे गाड्या सोडायच्या, ही ती योजना. निदान आमच्या गावापुरती तरी ती आपटली. बंबखाना राहिला, बंब राहिला, भोंगा राहिला आणि भोंगा वाजला की हातातलं काम टाकून धावणारे आम्ही चौदा जण राहिलो. तीन वर्षांत बापाने एक ओळ लिहिली नाही आणि लिहायला बसला तो थेट फुशारकी मारायला, असं तू म्हणशील. म्हण खुशाल. आज मला कुणी काहीही म्हणावं, मी हसून ऐकून घेईन. रंधा बाजूला सारून, बाकावरचा भुसा फुंकून हे लिहितोय. एका गिऱ्हाइकाची खिडकी आज द्यायची होती. त्याला सांगितलं, चार दिवसांनी ये, सध्या सुतार जिंकलाय.

काय तो दिवस होता, बाई! निकाल लागला आणि बेकरीवाल्याने मला चक्क खांद्यावर घेतलं. बंब अजून तोच चालवतो, आणि वळणावर ब्रेक मारायचा असतो हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. सदुसष्ट वर्षांचा मी, खाली उतरव रे म्हणून ओरडतोय, आणि हा मला घेऊन पायऱ्या उतरतोय तोही त्याच वेगाने. शिंपी रडला. न्हावी, म्हणजे आपला पंपवाला, इतका ओरडला की त्याचा आवाजच बसला, आणि काल त्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना पहिल्यांदा गप्प बसून दाढी करून मिळाली म्हणे. दलातल्या नव्या पोरांना आनंदाने भोंगा वाजवायचा होता. तिथे मात्र मी आडवा आलो. भोंगा वाजला की गावातलं प्रत्येक घर आपली माणसं मोजायला लागतं, तो गंमत म्हणून वाजवायचा नसतो. म्हातारा जिंकला तरी कटकट सोडत नाही, असं मागून कुणीतरी पुटपुटलं. बरोबरच पुटपुटलं.

तुझं-माझं भांडण कशावरून झालं ते तुला सांगायला नको, पण मला लिहायला हवं, कारण मी ते इतक्या जणांना इतक्या वेळा माझ्या बाजूने सांगितलंय की खरं काय झालं ते मीच विसरायला लागलो होतो. तुझ्या आईला जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. तू सुट्टीत आली होतीस, आपण दोघं जेवत होतो, आणि तू सांगितलंस की आगींच्या आकडेवारीचा अभ्यास करायला तुला त्या खात्याने घेतलंय. मी ताट सरकवलं. म्हणालो, गावोगावचे बंबखाने मोडायला निघालेलं खातं ते, आणि तू बापाचाच बंबखाना मोडायला निघालीस. तू शांतपणे म्हणालीस की मोजल्याशिवाय कुठलीही गोष्ट चांगली की वाईट ते कळत नाही, बाबा. मी तुला दीडशहाणी म्हणालो आणि उठून वर्कशॉपमध्ये गेलो. बाहेर आलो तेव्हा तू निघून गेली होतीस आणि भांडी घासून ठेवलेली होती. तेव्हापासून तू आत्याला फोन करतेस, आत्या मला सांगते, आणि मी ऐकलंच नाही असं दाखवून प्रत्येक शब्द लक्षात ठेवतो.

माझी मतं तुला पाठ आहेत, पण जिंकलेल्या माणसाला ती परत सांगायचा हक्क असतो, तेव्हा ऐकून घे. सरकारने थोडी कामं करावीत आणि ती नीट करावीत. रस्ते करावेत, चोर पकडावेत, न्याय वेळेत द्यावा, आणि मग जरा गप्प बसावं. शेजारच्या घराला आग लागली तर धावायचं, हे सांगायला मला खातं लागत नाही. धावणाऱ्या माणसाला एकदा सांगून बघ की तुझी गरज नाही, साहेब लोक बघून घेतील. पुढच्या वेळी तोच माणूस खिडकीत उभा राहून फोनवर चित्रण करत बसतो. मग तेच सरकार, समाज उदासीन का झाला, हे शोधायला समिती नेमतं. मी दोन्ही पक्षांना मतं देऊन पाहिली आहेत. निवडून आल्यावर दोघांनीही ओळख दाखवली नाही, पण त्यातला एक पक्ष निदान मला माझ्या वाटेने जाऊ देतो, म्हणून हल्ली त्यालाच देतो. आणि यंत्रांचा मी वैरी आहे ही तर शुद्ध अफवा. लांबणारी शिडी आली तेव्हा सगळ्यांत आधी वर चढलो तो मीच. धूर ओळखून किंचाळणाऱ्या त्या डब्या मी स्वतः घरोघरी जाऊन छताला ठोकल्या आहेत. पण यंत्राने आपल्या हाताखाली काम करावं, आपण त्याच्या नव्हे. तुमच्या त्या पडद्याला कसं कळणार, की बाजारामागच्या बोळात बंब उलटाच घालावा लागतो? की कोपऱ्यावरच्या घरातल्या काकूंना ऐकू येत नाही आणि त्या मागच्या खोलीत निजतात? आम्हा चौदा जणांना हे झोपेतही माहीत असतं. आणि विज्ञान म्हणशील तर मला त्याचा आदर आहे, पण आज एक गोष्ट छातीठोकपणे सांगणारे आणि दहा वर्षांनी तितक्याच छातीठोकपणे उलट सांगणारे तज्ज्ञ मी डोळ्यांनी पाहिले आहेत. ऐंशी वर्षं टिकलेली गोष्ट मोडायची असेल, तर ती इतकी वर्षं का टिकली हे मोडणाऱ्याने आधी समजून घ्यावं. झालं माझं भाषण. टाळ्या परवा वाजून गेल्या आहेत.

पण या टाळ्यांच्या महिनाभर आधी याच सभागृहात माझं नाक कापलं गेलं होतं, ते आत्याने तुला सांगितलं की नाही कोण जाणे. पहिली सुनावणी. तुझे मोठे साहेब स्वतः आले होते. माणूस गोड बोलतो, कपडे झकास, आणि हातात तो बारा पानी गुळगुळीत अहवालाचा सारांश. आमच्या बाजूने मी नोंदवह्या नेल्या होत्या, त्यांच्या प्रती खात्याने अभ्यासासाठी आधीच मागवून घेतल्या होत्या. आपल्या घरची पद्धत तुला माहीतच आहे. आगीचा फोन दलप्रमुखाच्या घरी, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात वाजायचा. तुझी आई फोन घ्यायची, पत्ता लिहायची, भोंग्याचं बटण दाबायची आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून वहीत वेळ टिपायची. आगीवर पहिलं पाणी पडलं की न्हावी आपल्या मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ लक्षात ठेवायचा आणि परत आल्यावर तिला सांगायचा. ती शेजारच्या रकान्यात लिहायची. एकतीस वर्षं. हात पिठाचे असोत, अंगात ताप असो, एक नोंद चुकली नाही. त्या वह्यांप्रमाणे भोंग्यापासून पाण्यापर्यंत आम्हाला सरासरी दोन मिनिटं लागायची. दोन मिनिटं! बंबाच्या दारावर मी ते मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'दोन मिनिटांत पाणी', आणि वीस वर्षं ते मिरवत गावभर फिरलो होतो.

साहेबांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग त्यांनी आमच्याच वहीचं एक पान भिंतीवर मोठं करून दाखवलं. तुझ्या आईचं अक्षर, ते गोल गोल, माणसाएवढं उंच. बंबखान्याशेजारच्या बेकरीला आग लागली होती तो दिवस. साहेबांनी सावकाश वाचलं, भोंगा दहा वाजून बारा मिनिटं, पाणी दहा वाजून आठ मिनिटं. आणि हसून म्हणाले की या गावात भोंग्याच्या आधी पाणी पोचतं, तेव्हा इथे आग लागायचीही गरज दिसत नाही. सभागृहात हशा उसळला. आमच्या बाजूचे सदस्यसुद्धा हसले, त्यांना आवरलंच नाही. मग साहेब गंभीर झाले. दोन मिनिटांत माणूस दुकान बंद करून रस्त्यावरसुद्धा येत नाही, बंब बाहेर काढणं तर दूरच, असं म्हणाले. ही नोंदवही मागाहून, चांगलं दिसावं म्हणून भरलेली आहे. त्यांनी शब्द वापरला तो 'बनावट'. तुझ्या आईच्या अक्षराकडे बोट दाखवून. न्हावी खुर्चीवरून उठलाच होता, त्याला शिंप्याने कमरेला धरून खाली बसवलं. मी मात्र नुसता आ वासून त्या भिंतीकडे बघत राहिलो. साहेब चुकीचं वाचत नव्हते. बारा आणि आठ, तसंच लिहिलं होतं.

पुढचे आठ-दहा दिवस कसे गेले ते तुला सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत नाही. बंबखाना जाणार याचं वाईट वाटतच होतं, पण त्याहून वाईट काहीतरी डोक्यात शिरलं होतं. मी सगळ्या वह्या स्वयंपाकघरात मांडून बसलो. एकेक पान उलटलं. आणखी तीन ठिकाणी पाणी भोंग्याच्या आधी पोचलेलं सापडलं. तेव्हा मनात आलं, की हिने माझ्यासाठी तर नसेल केलं? आपला नवरा 'दोन मिनिटं, दोन मिनिटं' म्हणून गावभर नाचतो, त्याचा मान राहावा म्हणून वेळ जरा मागेपुढे लिहिली असेल? जिने आयुष्यात शेजारणीची उसनी वाटी रिकामी परत केली नाही, तिच्याबद्दल मी हा विचार केला. आणि केला तोही त्याच स्वयंपाकघरात बसून. मग मला स्वतःचाच इतका राग आला की वह्या बांधून माळ्यावर टाकल्या आणि ठरवलं की दलप्रमुखपण सोडायचं. राजीनामा लिहिलासुद्धा होता. अध्यक्षबाईंनी तो घेतला नाही. म्हणाल्या, दुसरी सुनावणी होऊ दे, मग बघू.

अध्यक्षबाई म्हणजे तुझ्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिकाच की. निवृत्त झाल्या, नगरपरिषदेत निवडून आल्या, पण कानामागची लाल पेन्सिल काही गेली नाही. सदस्यांना खात्याने तो बारा पानी सारांश तेवढा वाटला होता. बाईंनी लेखी पत्र पाठवून पूर्ण अहवाल मागवला. तो एकसष्ट पानांचा निघाला. आमच्या सदस्यांतल्या कुणाचीही तो वाचायची छाती झाली नसती, पण बाईंनी आयुष्यभर पोरांचे निबंध तपासलेत, त्यांना काय त्याचं! परवा सुनावणी सुरू झाली, साहेबांनी परत तोच सूर लावला, आणि बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. सत्तेचाळिसाव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप आहे, म्हणाल्या, ती मी सभागृहाला वाचून दाखवते.

ती टीप मी काल उतरवून घेतली आहे, तरी तुला परत लिहून दाखवतो, कारण मला ती लिहायला आवडतेय. या गावच्या नोंदवहीतील भोंग्याची वेळ नोंद ठेवणाऱ्या व्यक्तीच्या स्वयंपाकघरातील घड्याळावरून घेतलेली आहे. हे घड्याळ घरच्या सोयीसाठी कायम सात मिनिटे पुढे ठेवलेले असे. पाण्याची वेळ मात्र रेडिओशी जुळवलेल्या मनगटी घड्याळावरून आहे. म्हणून प्रत्येक नोंदीतील अंतरात सात मिनिटे मिळवावीत. तशी मिळवल्यास एकतीस वर्षांत एकही विसंगत नोंद उरत नाही. सरासरी वेळ नऊ मिनिटे येते. प्रस्तावित केंद्रातून याच गावी पोचण्यास चोवीस मिनिटे लागतील. नोंद ठेवणाऱ्या व्यक्तीने एकाही ठिकाणी खाडाखोड केलेली नाही. अभ्यासलेल्या सर्व नोंदवह्यांत ही सर्वांत विश्वासार्ह नोंदवही आहे.

अगं, सगळं सभागृह बोटांवर सात मिळवायला लागलं! आणि मी? माझ्या डोक्यात असा लख्ख प्रकाश पडला की मी खुर्चीचा हात घट्ट धरला. सात मिनिटं! लग्नाच्या दिवशी नवरामुलगा उशिरा पोचला म्हणून तुझ्या आईने संसारातलं पहिलं काम काय केलं असेल, तर ते घड्याळ पुढे केलं. आगीखेरीज कुठल्याही ठिकाणी मी वेळेवर जात नाही म्हणून. पाच मिनिटं करून पाहिली, ती मला पुरेनात. दहा केली तर मी हिशोबात धरून आणखी आरामात निघायचो. सात बरोबर बसली, वजाबाकी सुटेपर्यंत मी उंबऱ्याबाहेर पडलेला असायचो. तुझी वजाबाकी त्याच घड्याळाखाली पक्की झाली, शाळेत जाताना वर बघायचीस आणि ओठ हलवत सात वजा करायचीस. रोज उठून सात वजा करणारा मी, दहा दिवस त्याच घड्याळाखाली वह्या घेऊन बसलो आणि मला सुचलं नाही. घरात वजा करायची इतकी सवय, की वहीत कुणी कधी वजा केलंच नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. न तिच्या, न माझ्या. आणि मी बायकोवर संशय घेतला! ती जे घड्याळ दिसलं तेच लिहीत होती, बापडी. एकतीस वर्षं.

मग बाईंनी चष्म्यावरून साहेबांकडे बघितलं आणि विचारलं, की ही टीप तुमच्याच अहवालात असताना तुम्ही मागच्या खेपेला त्या बाईंच्या वहीला बनावट का म्हणालात? साहेबांनी कागद चाळले. सारांश करताना राहून गेलं असावं, असं काहीतरी म्हणाले. बाईंनी त्यांना त्यांचा शब्द मागे घ्यायला लावला, उभं राहून, सगळ्यांसमोर, वर्गात घ्यायला लावतात तसा. त्या क्षणाला मी शंभर वर्षं जगलो. त्यानंतर मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो, बंबाच्या दारावर दोन मिनिटं लिहून मी वीस वर्षं गावाला थापा मारल्या, नकळत मारल्या, पण मारल्या, त्याबद्दल माफी मागतो. आमची खरी वेळ नऊ. पण तुमची चोवीस, आणि ती तुमच्याच कागदावर आहे. जळणाऱ्या घरातला माणूस मधली पंधरा मिनिटं कुठून आणणार ते साहेबांनी सांगावं. एवढंच बोललो. मतदान झालं, आठ विरुद्ध पाच, आणि पुढचं खांद्यावरचं तू वाचलंसच. काल दुपारी मी स्वतः डबा आणि कुंचला घेऊन बंबाचं दार रंगवलं. आता तिथे 'नऊ मिनिटांत पाणी' आहे. पोरं म्हणाली, 'दोन' दिसायला बरं होतं. मी म्हणालो, हे खरं आहे, आणि जुनं टिकवायचं असेल तर ते खरंच टिकवायचं. माझी मतं बदललेली नाहीत, गैरसमज करून घेऊ नकोस. सरकार मला अजूनही चार हात लांबच बरं वाटतं. फक्त एक सुधारणा करतो. मोजण्याबद्दल तू जे म्हणाली होतीस, ते बरोबर होतं. एवढं कबूल करायला मला तीन वर्षं लागली.

अहवालावर कुणाचं नाव नव्हतं, तुमच्या खात्यात ती पद्धत नाही. पण बाईंनी 'सात' म्हटल्याक्षणी मला कळलं. जगात ते घड्याळ तीन माणसांना माहीत होतं, आणि त्यातली एक गेली. आत्यालासुद्धा माहीत नव्हतं, ती बिचारी आपल्याकडून प्रत्येक वेळी सात मिनिटं लवकर निघून थांब्यावर ताटकळायची. तू गप्प बसली असतीस तर तुझी योजना सहज पास झाली असती, तुझे साहेब खूश झाले असते, आणि तुला हिडीसफिडीस करणाऱ्या बापाची खोड मोडली असती. तू तसं केलं नाहीस. दोनाचे नऊ करून माझी फुशारकीही उतरवलीस आणि तुझ्या आईच्या अक्षराला कुणी बोट लावू नये अशी व्यवस्थाही केलीस, दोन्ही एकाच टिपेत. तू आमच्या बाजूची की खात्याच्या, हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक तू कुणाच्याच बाजूची नव्हतीस, आणि म्हणूनच ते आठ हात वर गेले.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. इतका वेळ मतं सांगत बसलो ती हे पुढे ढकलायला. परवा टीप वाचून झाल्यावर बाईंनी मला सर्वांदेखत विचारलं होतं, की तुमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढे आहे हे खात्याला कसं कळलं हो? मला उत्तर माहीत होतं. मी म्हणालो, सरकारला सगळं कळतं बाई, आमच्या भिंतींना त्यांचेच कान आहेत. हशा पिकला, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्या मी घेतल्या. माझी मुलगी, एवढे दोन शब्द बोलायचे होते. तीन वर्षं गावाला सांगत आलो की ती आता त्यांच्यातली झाली, ते गिळायला लागलं असतं, म्हणून नाही बोललो. संध्याकाळी आत्या आली. तिने सांगितलं की ती टीप काढून टाकायला तू नकार दिलास म्हणून तुला अभ्यासाच्या टेबलावरून उचलून तळघरातल्या जुन्या फायलींवर बसवलंय, आणि तू साहेबांना तोंडावर सांगितलंस की टीप माझी आहे आणि ती राहणार. मी ताट सरकवलं, यावेळी स्वतःच्या रागाने. काल सकाळी उरलेल्या विषयांसाठी सभा परत भरली. आदल्या दिवसाचं इतिवृत्त कायम करण्याआधी कुणाची दुरुस्ती आहे का, असं विचारायचा नियम आहे. मी उभा राहिलो. म्हणालो, बाईंच्या प्रश्नाला मी काल खोटं उत्तर दिलं, ते खोडून टाका. खरं उत्तर असं, की ते घड्याळ माझ्या मुलीला माहीत होतं, ती टीप माझ्या मुलीने लिहिली आहे, आणि बंबखाना तिने वाचवलाय, मी नाही. बाई म्हणाल्या, बोललेलं खोडता येणार नाही, पण खाली दुरुस्ती म्हणून लिहिता येईल. तेच बरोबर आहे, मी म्हणालो, दोन्ही राहू दे. मग त्यांनी तुझं पूर्ण नाव सांगायला लावलं आणि अक्षर न् अक्षर लिहून घेतलं, आणि तेराच्या तेरा सदस्य उभे राहिले, परवा विरुद्ध मत दिलेले पाचसुद्धा. अगं, इतक्या टाळ्या त्या सभागृहाने ऐकल्या नसतील! परवाच्या माझ्या होत्या, या तुझ्या होत्या, आणि मी त्या तुझ्या वतीने तिथे ताठ उभा राहून ऐकल्या. तळघराचं काय करायचं ते तू ठरव, परत यायचं की तिथेच पाय रोवून बसायचं. मी यावेळी मत देणार नाही, फार तर विचारलंस तर देईन. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. उद्या पहाटेच्या गाडीने निघून हे पत्र मीच घेऊन येणार आहे आणि तुझ्या दाराखालून आत सरकवणार आहे, कारण हे सगळं तोंडाने सांगायला गेलो तर पहिल्या दोन वाक्यांत मी परत सरकारवर घसरेन. तेव्हा तू हे वाचते आहेस त्या वेळी मी बाहेर तुझ्या जिन्यात बसलेला आहे. चुकलो, बाळा. दार उघडायची घाई नाही. हवं तर परत एकदा पहिल्यापासून वाच, मी थांबलोय.

तुझाच,
आणि कालपासून गावात तुझाच म्हणून ओळखला जाणारा,
बाबा